ए आजऱ्याचा, बी बेळगावचा

ईशान आणि तन्वी,

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही माझ्या मागच्या खिडकीकडे बोट दाखवून विचारलंत, की आजी, समोरच्या गच्चीवर तो एवढा उंच पाइप कशाचा? त्याला तारा बांधल्या आहेत, मग त्यावर कपडे का वाळत घालत नाहीत? मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगायला गेले असते तर तुमची शाळेची वेळ झाली असती आणि गोष्ट अर्धी राहिली असती. अर्धी गोष्ट मला चालत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

तो पाइप रत्नाक्कांचा. रत्नाबाई चौगुले. कसबा बावड्यात आमची कॉलनी झाली तेव्हा पहिली दोन घरं उभी राहिली, एक आपलं आणि समोरचं त्यांचं. बाकी सगळा ऊस होता. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी येऊन बसायची आणि आम्ही दोघी आपापल्या दारातून कारखान्याला नावं ठेवायचो. मी हळू आवाजात आणि रत्नाक्का कारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा.

हा आवाज त्यांच्या नोकरीचा होता. रत्नाक्का एसटीत होत्या, कोल्हापूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायच्या. तुम्ही विमानतळावर ऐकता तसलं कुजबुजतं पुकारणं नव्हे. त्यांनी गडहिंग्लजची गाडी पुकारली की रस्त्यापलीकडच्या लॉजमध्ये झोपलेला गडहिंग्लजकर ताडकन उठून बसायचा, असं त्या स्वतःच सांगायच्या. मला ते खोटं वाटत नाही, कारण रविवारी सकाळी त्यांनी घरात मिस्टरांना चहाला बोलावलं की आपल्या घरात तुमचे आजोबा उठायचे.

निवृत्त झाल्यावर स्टँड सुटला, पुकारणं सुटलं नाही. कुठलीही गोष्ट त्या दोनदा सांगायच्या आणि मध्ये "परत एकदा सांगतो" म्हणायच्या. आमच्या भागात कितीतरी बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेव्हा तुम्ही ते दुरुस्त करू नका. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला गर्दी झाली की त्या खुर्ची सोडून दारात उभ्या राहायच्या. आतली बसलेली मंडळी निघाल्याशिवाय बाहेरच्यांनी चढू नये, लहान मुलांचे हात धरावेत, आपापल्या वाणाची काळजी आपण घ्यावी. सगळ्याजणी हसत हसत ऐकायच्या, आणि खरं सांगायचं तर आमच्याइतकं शिस्तीत हळदीकुंकू अख्ख्या बावड्यात कुणाकडे होत नसे.

पुढे स्टँडवर रेकॉर्ड केलेला आवाज आला. रत्नाक्का मुद्दाम तो ऐकायला गेल्या, एक अख्खी दुपार बाकावर बसून आल्या. मी विचारलं, कसा आहे? म्हणाल्या, "पोरगीचा गळा चांगला हाय बाई. पर तिनं गावं बघितल्याली न्हाईत. निपाणी म्हणत्या, पर तिच्या निपाणीत कुणी राहतंय असं वाटत न्हाई."

त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांचे मिस्टर गेले. मुलगा प्रकाश पुण्याला. चांगला मुलगा, आईला रोज फोन करणारा. एकदा आक्कांना अंगणात चक्कर आली आणि आम्ही उचलून घरात नेलं, तेव्हापासून त्याने हट्ट धरला, की दिवाळी झाली की आईने पुण्याला यायचं, कायमचं. आक्का म्हणाल्या, बाराव्या मजल्यावरनं मी कुणाला हाका मारू? तो म्हणाला, आई, इथं तरी आता तुझं काय आहे? घर आहे, शेजार आहे, हे त्यांना सांगता आलं असतं. पण त्या दिवशी त्यांना काहीच सुचलं नाही. प्रकाश गेल्यावर त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. त्या गप्प राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

अशा दिवसांत आमच्या जवळच्या शाळेत मुजावर सरांनी एक प्रदर्शन मांडलं. मुजावर सर म्हणजे पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले प्राध्यापक, गल्लीच्या टोकाला राहणारे. बारीक, नीटनेटके, हळू बोलणारे, आणि नियमाला इतके पक्के की रिकाम्या रस्त्यावरही स्कूटर वळवताना हात दाखवायचे. त्यांना हॅम रेडिओचा छंद. सरकारचा परवाना घेऊन घरी बिनतारी यंत्र ठेवायचं आणि जगातल्या कुठल्याही तशाच छांदिष्ट माणसाशी बोलायचं, असा हा प्रकार. मुलं यंत्राचे दिवे बघत होती. आक्कांना त्या टेबलावर फक्त माईक दिसला.

"ह्यो माईक कुठवर जातोय?" त्यांनी विचारलं.

"हवा बरी असली तर परदेशातसुद्धा," सर म्हणाले.

आक्कांनी हात पुढे केला. सरांनी माईक हळूच मागे घेतला. परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते, आणि परीक्षा इंग्रजीत असते, असं तीन वाक्यांत सांगितलं. आक्का तिथून सरळ माझ्या दारात. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलेली, त्यामुळे नकार द्यायला जागाच नव्हती. त्याच दुपारी त्यांनी प्रकाशला फोन लावून करार केला. दिवाळीच्या आत परीक्षा पास झालो तर मी इथंच राहणार. न्हाई झालो तर तू म्हणशील तवा बॅग भरतो. प्रकाशने हसत हसत मान्य केलं. आईचं इंग्रजी सिंगल बेल आणि डबल बेलवर संपतं, हे त्याला ठाऊक होतं.

अभ्यास आमच्या डायनिंग टेबलावर व्हायचा. इंग्रजी मी बघायचे, विज्ञान आणि नियम सर. सरांनी पहिल्या दिवशी विजेचे तीन शब्द सांगितले, करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स, आणि नळाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. आक्कांनी मान हलवली, पण डोळ्यांत काही उमटलं नाही. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हंजे असं बघा सर. गाडीत चढणारी माणसं ती करंट. मागनं रेटणारी ती व्होल्टेज. आणि दारात दोन पिशव्या घिऊन हुभी राहिलेली बाई, ती रेझिस्टन्स." सरांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात ती बाई त्यांना भेटली नव्हती, असं म्हणाले. त्यानंतर गणितात कुठे अडलं की आक्का विचारायच्या, ह्यात बाई दारात हाय का आत बसली?

खरी पंचाईत अक्षरांची झाली. रेडिओवर अक्षरं नीट ऐकू यावीत म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द असतो. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, असे जगभर एकच. आक्कांना अल्फा काही केल्या लक्षात राहीना. चौथ्या दिवशी आल्या त्या खुशीत. सगळी पाठ केली म्हणाल्या, आणि डोळे मिटून सुरू झाल्या. ए आजरा, बी बेळगाव, सी चंदगड, जी गारगोटी, एच हुपरी, आय इचलकरंजी, जे जयसिंगपूर, के कागल. मी म्हटलं, क्यू? "क्यू नावाचं गाव न्हाई, पर क्यू नसल्यालं स्टँड दावा मला." आणि एक्स? "एक्स्ट्रा गाडी."

सर हळूच म्हणाले, आक्का, पण हे आजरा-चंदगड ब्राझीलच्या माणसाला कसं कळणार? त्यावर आक्का म्हणाल्या, यावं की त्यानं एकदा, आंबोली बी बघून जाईल. शेवटी तडजोड झाली. गावाला जोडून खरा शब्द पाठ करायचा. आजरा अल्फा, बेळगाव ब्राव्हो, चंदगड चार्ली. चार्ली हा चंदगडचा एखादा कंडक्टर असावा अशा थाटात त्या ते म्हणायच्या.

आणि मग बटण. रेडिओच्या माईकला एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकू येतं. दाबून ठेवलंत तर समोरचा माणूस बोलून बोलून थकेल, तुम्हाला एक शब्द कळणार नाही. रत्नाक्कांनी आयुष्यभर ज्या माईकवर काम केलं त्यातून कधी कुणी उलट बोललेलं नव्हतं. सोडायचं कशाला, हेच त्यांना समजेना. सराव करायचा तर परवान्याशिवाय चालू यंत्र सोडाच, बंद यंत्राचा माईकसुद्धा सर त्यांच्या हातात देईनात. नियम म्हणजे नियम. शेवटी सरांनी माझ्याकडून अर्धं कापलेलं लिंबू मागून घेतलं, खाली ग्लास ठेवला आणि लिंबू आक्कांच्या मुठीत दिलं. बोलताना दाबायचं, थांबलं की सोडायचं. ग्लासात जितका रस कमी, तितका सराव चांगला. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी सरबत प्यायलं, शेजारीही पाठवलं.

परीक्षा गोव्याला होती. आम्ही तिघं एसटीने निघालो, कारण दुसऱ्या कशाने जायला आक्का तयारच नव्हत्या. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, त्याने पुढची सीट दिली. आक्कांनी उजळणी सुरू केली, अर्थातच मोठ्याने. आजरा येईपर्यंत मागच्या माणसांना अर्धी अक्षरं पाठ झाली होती. मग वाद लागला. एक पैलवानी माणूस उठून म्हणाला, मावशी, एम मुरगूड कसं? मलकापूर मोठं न्हवं का? मुरगूडचे दोघे होते, ते कसले ऐकतात. आंबोलीत चहा पिताना सुद्धा तेच चाललं होतं. मुजावर सर एकाला अतिशय सभ्यपणे समजावत होते की एमचा खरा शब्द माइक, ते एका माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस म्हणत होता, असंल पावणं, पर त्यो आमच्याकडनं गेला असंल.

त्या परीक्षेत आक्का नापास झाल्या.

विज्ञानात बरे मार्क होते. इंग्रजीही नडलं नव्हतं. घालवलं ते नियमांनी, आणि तेही येत असलेल्या नियमांनी. परवाना नसलेला माणूस घरी आला तर त्याला तुमच्या माईकवर बोलू द्यावं का, असा प्रश्न होता. उत्तर, नाही. आक्कांनी लिहिलं, हो. शेजाऱ्याचा कामधंद्याचा निरोप तुमच्या यंत्रावरून पोचवावा का? उत्तर, नाही. आक्कांनी लिहिलं, हो. माणुसकीचा वास येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं होतं. मी जरा रागावूनच विचारलं, आक्का, हे तर तुम्हाला पाठ होतं. त्या म्हणाल्या, "पाठ हुतं की. पर हात हुईना बाई. दारात आलेल्या पावण्याला न्हाई म्हणायचं, आणि ते बी लिवून?"

घरी आल्यावर दोन दिवसांनी माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवलेली मला खिडकीतून दिसली. संध्याकाळी सर आले, मला बरोबर घेऊन समोर गेले आणि त्या बॅगेशेजारीच पायरीवर बसले.

"आक्का, एक विचारू का? स्टँडवर तुमच्या केबिनमध्ये एखादा प्रवासी आला आणि म्हणाला, बाई, जरा माईक द्या, माझ्या मेव्हण्याला हाक मारतो. दिला असता?"

"तंगडी मोडली असती."

"पण पाहुणाच तो."

"पावणा असंल त्याच्या घरी. ती ड्युटी हुती सर."

"मग ही काय आहे?" सर म्हणाले.

आक्का उठल्या, बॅग उचलली आणि परत माळ्यावर टाकली, धप्पकन.

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. पुढे परवान्याआधी चौकशीला एक हवालदार आला. त्याला वाटलं पत्ता चुकला असावा. आजी, वायरलेस कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं. आक्कांनी विचारलं, तुला कशाला पाहिजे? तो म्हणाला, मला ड्युटीला लागतो. आक्का म्हणाल्या, मला बी. मग तो आपल्या घरी आला आणि बाईंची वर्तणूक कशी आहे असं विचारलं. मी म्हटलं, आवाज मोठा आहे, बाकी उत्तम. तो म्हणाला, आवाजाचं लिहीत नाही, तो मला गल्लीच्या तोंडालाच कळला.

दिवाळी झाली, परवाना आला, आणि दुसऱ्याच आठवड्यात प्रकाश गाडी घेऊन आला. तो करार मोडायला आला नव्हता. मधे आक्कांना पुन्हा एकदा चक्कर आली होती आणि तो खरोखरच घाबरला होता. त्याने आईला पेढा भरवला, पाया पडला आणि म्हणाला, आई, तू जिंकलीस, मला अभिमान आहे. पण तो माईक पुण्यात लावू या ना. तिथूनही जगाशी बोलता येईल. मी सोसायटीला विचारतो.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आक्का आत गेल्या आणि परवान्याचा कागद घेऊन आल्या. चष्मा लावला. मी शिकवलेल्या इंग्रजीत, स्टँडच्या आवाजात, त्यांनी त्यावरचा पत्ता वाचला. घर नंबर, कॉलनी, कसबा बावडा, कोल्हापूर. परत एकदा वाचला. मग म्हणाल्या, "सरकारनं नेमणूक केल्या माझी. हितली. आता बदली करून घ्यायची का म्हातारपणी?"

प्रकाशने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुजावर सरांकडे वळला. सर खोटं बोलत नाहीत, हे गल्लीतल्या लहान मुलालाही माहीत होतं.

"सर, असं असतं का हो?"

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. घर बदललं तर अर्ज करून परवान्यावरचा पत्ता बदलून घेता येतो. ते वाक्य मीच आक्कांना इंग्रजीतून समजावून दिलं होतं, आणि सरांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी सरांकडे बघायचं टाळलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला, बशीत नीट मधोमध.

"परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, प्रकाशराव," ते म्हणाले. "स्टेशन त्या पत्त्यावर चालवायचं असतं. नियम आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. सर पुढे काहीच बोलले नाहीत, आणि त्यांनी चहाही परत उचलला नाही.

प्रकाश इंजिनिअर आहे. मोबाइलवर एका मिनिटात त्याने नियम शोधला असता. मोबाइल त्याच्या हातातच होता. त्याने तो खिशात ठेवला आणि म्हणाला, सरकारपुढे माझं काय चालणार? मग जिना चढून गच्चीवर गेला, परवाना आल्यावर सरांनी उभारून दिलेल्या अँटेनाच्या पाइपाला बांधलेल्या तारा एकेक करून ओढून पाहिल्या, दोन सैल होत्या त्या पक्क्या केल्या. जाताना मला म्हणाला, काकी, तेवढं रोज सकाळी समोर लक्ष असू द्या. मी म्हटलं, लक्ष ठेवायची गरज नाही, ऐकू येतं.

सरांनी आपलं जुनं यंत्र त्यांना दिलं आणि आक्का हवेत गेल्या, म्हणजे रेडिओवर बोलायला लागल्या. त्यांचं ठरलेलं इंग्रजी फार नव्हतं. नाव, गाव, आवाज कसा येतोय. पण एक वाक्य त्यांनी माझ्याकडून हट्टाने शिकून घेतलं, की तुमचं जेवण झालं का? मी सांगून पाहिलं, असं परक्या माणसाला विचारत नाहीत. पहिलाच माणूस भेटला तो श्रीलंकेचा. त्याला त्यांनी ते विचारलं आणि बटण सोडलं. त्या माणसाने भात, माशाचं कालवण आणि वर नारळाची चटणी, असं सगळं सविस्तर सांगितलं. नंतर तो रोज त्याच वेळी यायला लागला. अशी बरीच माणसं झाली. कोण काय जेवलं ते आक्का मला दुसऱ्या दिवशी दारातून सांगायच्या, त्यामुळे ते कॉलनीलाही कळायचं. गल्लीतला कुणी ऊसतोडीचा किंवा म्हशीच्या गिऱ्हाइकाचा निरोप घेऊन आला की मात्र त्या दारातूनच परत पाठवायच्या, चहा पाजून.

अशी चार वर्षं गेली.

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे मेलबर्नला यायला निघाले तो दिवस. टॅक्सी दारात होती, सामान चढलं होतं. मी समोर निरोप घ्यायला गेले तर खाली कुणी नव्हतं. अंगणात येऊन वर पाहिलं. यंत्र खोलीत तापतं म्हणून त्या ते गच्चीवर, पत्र्याखाली आणून ठेवत. तिथे लाकडी खुर्चीत बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर माईक. मी हाक मारली, आक्का, निघाले मी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता अख्ख्या कॉलनीला कळेल मी कुठे चालले ते. पण त्यांनी नुसता हात वर केला, पंजा उघडून. थांब. यंत्रातून कुणीतरी बोलत होतं, खूप लांबून, खरखरत, मला भाषासुद्धा कळली नाही. त्या बटण सोडून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. मी थांबले. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. तो माणूस बोलतच होता आणि रत्नाक्कांचा हात तसाच वर होता.